बाटलीबाहेरचे पहिले वर्ष

दौंड तालुक्यातले खुटबाव हे उसाचे गाव. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधले छोटे स्थानक, खडकवासल्याच्या कालव्यावर फुललेली बागायत, हंगामात गुऱ्हाळांचा धूर आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात पहाटे १० अंशांपर्यंत उतरतो. अशा गावात आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढवायची आणि तीही बाळरोपापासून, हे ऐकले की जाणकारही मान हलवतात. ही झाडे आंबोलीची, कोकणाची, फार तर महाबळेश्वरची, असे आपण धरून चाललेलो असतो.

मला ते पटत नाही. आमरीचे बाळरोप जगवणे अवघड आहे यात शंका नाही, पण त्यातली अडचण नेमकी कुठे आहे हे समजून घेतले तर खुटबावचा माणूस या कामाला परका नाही. त्याने ऊतिसंवर्धित केळीची रोपे पाहिली आहेत, उसाची रोपे ट्रेमध्ये वाढवली आहेत, हार्डनिंग, म्हणजे कोवळ्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणे, हा शब्द त्याच्या बोलण्यात आहे. आणि आमरीच्या बालपणाचा सगळा हिशेब ज्या एका पदार्थावर चालतो, तो पदार्थ त्याच्याच शिवारात तयार होतो. तो पदार्थ म्हणजे साखर.

बी असूनही उपाशी

ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतके पीठ साठवलेले असते. दाणा ओल्या मातीत पडला की त्या साठ्यावर मूळ सुटते, पान वर येते आणि मग रोप स्वतःचे अन्न स्वतः करू लागते. आमरीच्या बीमध्ये असा साठा जवळजवळ नसतोच. धुळीसारखे बारीक बी, त्याचे वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजायचे, आत काही पेशींचा गर्भ आणि बाहेर जाळीदार आवरण. वाऱ्यावर दूर जायला हे उत्तम. रुजायला मात्र अपुरे.

त्याची भरपाई आमरी संख्येने करते. चार्ल्स डार्विनने १८६२ साली आमरींच्या परागीभवनावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने ब्रिटनमधल्या एका आमरीच्या एका बोंडात सुमारे ६,२०० आणि एका झाडावर सुमारे १,८६,३०० बिया असल्याचा हिशेब दिला. त्या सगळ्या जगल्या तर एकाच झाडाची पतवंडे पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन हिरवी करून टाकतील, असे त्याचे गणित होते. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी आमरींच्या एका बोंडात लाखो बिया असतात. पण प्रत्यक्षात जंगलात आमरी विरळच दिसते, कारण बहुतेक बिया उपासमारीने मरतात.

ज्या थोड्या जगतात त्या कशाच्या बळावर, हे १८९९ च्या मे महिन्यात उलगडले. नोएल बर्नार हा फ्रेंच तरुण तेव्हा लष्करी सेवेत होता. फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला एका आमरीचा पडून मातीत दबलेला दांडा सापडला. त्यावरच्या बोंडात बिया जागच्या जागी रुजल्या होत्या आणि प्रत्येक रुजलेल्या बीमध्ये बुरशीचे तंतू होते. बर्नारने पुढे प्रयोगांनी दाखवून दिले की बुरशी आत शिरल्याशिवाय या बिया पुढे सरकत नाहीत. बुरशीचे तंतू बीच्या पेशींत शिरून वेटोळी करतात, आमरी ती वेटोळी पचवते आणि त्यातून मिळणाऱ्या शर्करेवर तिचे पहिले दिवस निघतात. हा संशोधक १९११ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला.

या बुरशींपैकी बऱ्याच रायझोक्टोनिया या गटात मोडतात. शेतकऱ्याला हे नाव रोगांच्या यादीत भेटते. भाताचा पर्णकोष करपा आणि कित्येक पिकांची रोपे मूळकुजीने मरणे ही याच नावाच्या बुरशीची कामे. त्याच गोतावळ्यातल्या काही जाती आमरीच्या पोटभर अन्नाची सोय करतात, आणि आमरीची पकड ढिली पडली तर तिलाच खाऊनही टाकतात.

साखरेने बुरशीची जागा घेतली

युरोपातल्या रोपवाटिकांना हे काही माहीत नव्हते तेव्हाही त्या बी पेरत होत्याच. इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी या माळ्याने केलेला कॅलँथे डॉमिनी हा पहिला मानवनिर्मित संकर १८५६ मध्ये फुलला. पण बी पेरायचे आईच्याच कुंडीत, मुळांभोवती, आणि नशिबाने त्या कुंडीत योग्य बुरशी असेल तर चार-दोन रोपे हाती लागायची. आमरी ही श्रीमंतांची चैन राहिली त्याचे हे एक मोठे कारण.

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील लुईस नडसन यांनी एक साधा पण धाडसी निष्कर्ष छापला. बुरशी जर शेवटी साखरच पुरवत असेल, तर साखर आपणच द्यावी. क्षार, साखर आणि आगर हा जेलीसारखा पदार्थ यांचे निर्जंतुक मिश्रण काचेच्या बाटलीत घालून त्यांनी बुरशीविना बिया रुजवल्या. अशी वाढवलेली झाडे फुलतात, हेही त्यांनी १९३० मध्ये दाखवले. १९४६ मध्ये त्यांनी सुधारून दिलेले ‘नडसन सी’ हे माध्यम आजही वापरात आहे. त्यात लिटरला २० ग्रॅम सुक्रोज असते. उसाच्या रसातून काढलेली जी साखर आपण चहात घालतो, तेच रासायनिक संयुग. पुढे कोणी त्यात नारळपाणी घातले, कोणी पिकल्या केळ्याचा गर, कोणी कोळशाची पूड. मूळ तत्त्व तेच राहिले.

पुणे जिल्ह्याला हे तंत्र नवे नाही. खुटबावहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघाले की मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट लागते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत उसाची ऊतिसंवर्धित रोपे तयार होतात. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, ए. एफ. मस्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबूला बाटलीतच फुलोरा आणला आणि १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते काम छापून आले. कित्येक दशकांनी एकदाच फुलणारे बांबू काचेच्या नळीत काही महिन्यांत फुलले, म्हणून जगाने त्याची दखल घेतली. ज्या जिल्ह्यात हे झाले त्या जिल्ह्यातल्या माणसाने आमरीच्या बाटलीकडे परदेशी नवलाई म्हणून पाहण्याचे कारण नाही.

अवघड म्हणजे नेमके काय

बी पेरल्यापासून रोप बाटलीतून काढण्याजोगे व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते; आडसाली उसाला लागतो तितका काळ. आधी बीचा हिरवा मणी होतो, त्याला शास्त्रात प्रोटोकॉर्म म्हणतात. मग पहिले पान, मग पहिले मूळ. रोपे दाटली की त्यांना नव्या माध्यमाच्या बाटलीत हलवतात. नवशिक्याने हा टप्पा घरी करण्याचा हट्ट धरू नये. त्याला निर्जंतुक हवेचा कक्ष, वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि सरावलेला हात लागतो. बाटली विकत घ्यावी आणि आपला अभ्यास तिच्या बाहेरच्या आयुष्यावर करावा, कारण खरी पडझड तिथेच होते.

आतले रोप दिसायला टवटवीत असते, पण ते कशाच्या आधारावर जगते आहे ते पाहा. आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पानावरचा मेणचट थर पातळ. पानाची रंध्रे नीट मिटायला शिकलेली नाहीत, कारण पाणी वाचवण्याची वेळच आलेली नाही. उजेड मंद, अन्नासाठी तयार साखर, आणि रोगजंतूंशी कधी गाठ नाही. अशा रोपाला एका दिवशी बाहेर काढायचे म्हणजे अंगावरचे दूध तोडण्यासारखे आहे. पोर वरच्या अन्नावर स्थिरावेपर्यंत त्याची प्रकृती नाजूक राहते आणि घरातल्यांना डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

केळीच्या आणि उसाच्या रोपांनाही हे संक्रमण सोसावे लागते, पण त्यांचा वेग वेगळा. केळीचे रोप हार्डनिंगनंतर दोन-अडीच महिन्यांत शेतात जायला तयार होते. आमरीचे रोप तेवढ्या काळात एखादे पान आणि एक-दोन मुळे काढते. अनेक रोपे एकत्र लावलेल्या सामुदायिक कुंडीतच त्याचे सहा महिने ते वर्ष जाते. म्हणजे धोक्याचा काळ तितका लांबतो, आणि त्यातला कुठलाही एक आठवडा निष्काळजीपणाला पुरेसा असतो. अवघड जातींमध्ये हा काळ आणखी लांब आणि चुकीला जागा आणखी कमी, एवढाच ‘अवघड’चा अर्थ.

खुटबावच्या हवेला कोण सोसेल

काही जाती इथे आणूच नयेत. अँडीज पर्वतातल्या ढगाळ जंगलांमधली मास्डेव्हॅलिया उन्हाळ्यातच संपेल. पॅफिओपेडिलम, म्हणजे मोजडीसारख्या फुलाची आमरी, बाळपणी फार हळू वाढते. दोन-तीन उन्हाळे पाठीशी असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. आपल्या पठारांवरच्या हबेनारिया दिसायला साध्या, पण पेरायला कठीण. पाचगणीचे नाव लाभलेली हबेनारिया पंचगणिएन्सिस असो की कासच्या पठारावर टूथब्रश ऑर्किड म्हणून ओळखली जाणारी हबेनारिया हेनियाना, या भूआमरी पावसाळ्यात वर येतात, फुलतात आणि कोरडे दिवस जमिनीखालच्या कंदात काढतात. बाळरोपाने पहिला उन्हाळा येण्याआधी कंद बांधला नाही तर ते संपले. शिवाय अनेक भूआमरींना ठराविक बुरशीची साथ लागते.

सुरुवात डेंड्रोबियमच्या उष्ण हवामानातल्या संकरांनी करावी. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडच्या पूर्वजांमुळे त्यांना ऊन-उष्मा सोसतो, आणि नीट चालले तर बाटलीबाहेर दोन-तीन वर्षांत फूल दिसते. त्यांच्यावर हात बसला की सीतेच्या वेणीकडे वळावे. ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा हे तिचे शास्त्रीय नाव. कोकणात, गोव्यात, सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या खोडांवर उन्हाळ्याच्या शेवटी तिचे लोंबते, गुलाबी ठिपक्यांचे तुरे दिसतात. आसामात बिहूला मुली केसांत माळतात ते कोपौ फूल तेच. तिला फुलायला चार-पाच वर्षे किंवा अधिकही लागतात. दख्खनच्या कोरड्या पानझडी भागातही तग धरणारी व्हँडा टेसेलाटा ही तिसरी. कोरडा काळ कसा काढायचा हे या दोघींच्या रक्तातच आहे. फक्त बाळपणी त्यांना ती शिकवण हळूहळू द्यावी लागते.

पालखीच्या दिवसांत

बाटली फोडायची कधी, याचे उत्तर खुटबावच्या पंचांगात आहे. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते, त्या ज्येष्ठ-आषाढातल्या दिवसांत हवा पालटलेली असते. पारा तिशीच्या आसपास उतरतो, आभाळ भरून येते, हवेत ओल राहते. बाटलीतल्या रोपाला बाहेरची हवा इतकी जवळची वर्षभरात पुन्हा कधी वाटत नाही. तेव्हापासून थंडी पडेपर्यंत त्याला मुळे धरायला चार-पाच महिने मिळतात. उन्हाळ्यात बाटली हाती आली तर ती तशीच बंद ठेवावी; मात्र बाटलीवर ऊन पडू देऊ नये, बंद काचेत रोपे शिजतात. पावसाळ्यात काढायच्या वेळी आठ-दहा दिवस आधी बंद बाटली रोपांच्या पुढच्या जागी आणून ठेवावी, म्हणजे उजेडाची सवय होते.

काढताना कोमट पाण्यात रोपे सोडून मुळांवरचे आगर बोटांनी हलकेच धुवावे. हे काम कितीही कंटाळवाणे वाटले तरी घाई करू नये. आगरात साखर असते, आणि जी साखर बाटलीत आमरीला जगवत होती तीच बाहेर कुजवणाऱ्या बुरशींना मेजवानी ठरते. धुतलेली रोपे आकाराप्रमाणे वेगळी करावीत, मँकोझेब किंवा कॅप्टनच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवावीत, हातमोजे घालूनच, आणि वर्तमानपत्रावर सावलीत पसरून मुळे पांढुरकी होईपर्यंत सुकू द्यावीत.

मग सामुदायिक कुंडी. एकाच पसरट कुंडीत २० ते ३० रोपे जवळजवळ लावायची, म्हणजे ती आपल्याभोवती ओल धरून ठेवतात. मातीचा इथे काही उपयोग नाही. लाकडी कोळशाचे आणि विटेचे बारीक तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी काप पुरेत. सोडण मात्र तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवून त्यातले क्षार आणि तपकिरी रंग काढून घ्यावा. तळाला मोठे तुकडे, वर बारीक. कोकोपीटचा भुसा वापरण्याचा मोह टाळावा. उसाच्या ट्रेला जो कोकोपीट वरदान आहे तो आमरीच्या मुळाभोवती पाणी धरून हवा बंद करतो.

कुंडी पारदर्शक झाकणाच्या खोक्यात ठेवायची आणि झाकण पहिल्या आठवड्यात किंचित, मग रोज थोडे अधिक उघडत तीन-चार आठवड्यांत पूर्ण काढायचे. वर ७५ टक्क्यांचे शेडनेट. खताची घाई नको. दोन-तीन आठवड्यांनी मुळाचे टोक हिरवे दिसू लागले की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा. शेतकऱ्याच्या हाताला हे प्रमाण हास्यास्पद वाटेल, पण जंगलात खोडावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यात याहून कमीच अन्न असते.

पाणी, आणि त्यातले क्षार

झाडावर वाढणाऱ्या आमरीच्या मुळाभोवती मृत पेशींचा पांढुरका थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाणी लागताच तो काही क्षणांत भिजतो, पारदर्शक होतो आणि आतले हिरवे मूळ दिसू लागते. वाळला की पुन्हा रुपेरी. रोपाला पाणी हवे की नको हे सांगणारी इतकी स्वच्छ खूण दुसऱ्या फारशा झाडांकडे नाही. मूळ हिरवे असेल तर पाणी देऊ नये. रुपेरी झाले की द्यावे. भिजणे आणि वाळणे यांची ही रोजची ये-जा मुळाला हवा मिळवून देते. सतत ओले राहिलेले मूळ गुदमरून कुजते.

खुटबावसारख्या गावात पाणी किती द्यावे याहून कोणते द्यावे, हा प्रश्न मोठा आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षे उसाला पाणी दिल्याने अनेक विहिरी आणि बोअरच्या पाण्यात क्षार वाढले आहेत. मुळा-मुठेने आणि बेबी कालव्याने पुण्याचे वापरलेले पाणी हवेली-दौंडच्या शिवारात येते, तेही आमरीच्या कामाचे नाही. व्हेलामेन पाण्याबरोबर क्षारही ओढून घेते आणि पाणी उडाले की ते तिथेच साठतात. मुळाचे टोक काळे पडते, कुंडीच्या कडेला पांढरी पुटे दिसतात. बाळरोपांच्या पाण्याची विद्युत वाहकता मीटरला ०.५ डेसिसायमन्सच्या बरीच खाली हवी. साध्या टीडीएस मीटरवर १५० पीपीएमच्या आतला आकडा दिसला तर निश्चिंत राहावे.

असे पाणी आभाळातून फुकट येते. १० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते. घराच्या एका पडवीचे छप्पर २० चौरस मीटर धरले आणि हंगामात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर वाया जाणारे वजा करूनही पाच-सहा हजार लिटर जमतात. दोन-तीनशे बाळरोपांना दिवसाला काही लिटर पाणी लागते. म्हणजे कमी पावसाच्या दौंडमध्येही वर्षभराची सोय एका पत्र्यावर होते. पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून द्यावे आणि पुढचे काळ्या, झाकलेल्या टाकीत साठवावे, म्हणजे शेवाळ धरत नाही.

चैत्र-वैशाखाची परीक्षा

ऑक्टोबरचे ऊन आणि हिवाळा तुलनेने सोपे. रात्रीचा पारा १५ अंशांखाली जाऊ लागला की वाढ मंदावते. तेव्हा पाणी कमी करावे, तेही ऊन वर आल्यावर द्यावे, आणि कुंड्या रात्री घरात घ्याव्यात. खरी कसोटी मार्चनंतर. दुपारची आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते आणि पातळ पानांतले पाणी मुळांना पुरवता येईल त्याहून वेगाने उडते.

पण या कोरड्या हवेतच एक सोय दडलेली आहे, जी कोकणाला मिळत नाही. ४० अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची हवा ओल्या जाळीतून खेचली की पाण्याच्या बाष्पीभवनाने ती २६-२७ अंशांपर्यंत थंड होते आणि त्याच वेळी ओलीही होते. घराघरांत असलेला वाळ्याचा किंवा गवताचा कूलर हेच करतो. जाड भिंतीच्या पूर्वाभिमुख पडवीत, शेडनेटच्या आडोशाला, दुपारी चार-पाच तास कूलरची हवा रोपांच्या अंगावर थेट न सोडता वरून फिरवली तर वैशाख निभावतो. वीज गेली तर ओली पोती, जमिनीवर विटांचे चुरे आणि त्यावर पाणी. शेतीपंपाच्या विजेच्या पाळ्या सांभाळत रात्री-बेरात्री दारे धरणाऱ्याला हे काम जड नाही.

रात्रीचे महत्त्व मात्र नवशिक्याच्या लक्षात येत नाही. व्हँडा आणि फॅलेनॉप्सिससारख्या आमरी दिवसा रंध्रे मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पाणी वाचवण्याची ही वाळवंटी वनस्पतींची रीत. म्हणून रात्रीची हवा दमट असणे त्यांना दिवसापेक्षाही जास्त हवे असते. संध्याकाळी जमीन आणि भिंती ओल्या कराव्यात. पानांवर पाणी मात्र सकाळीच. पानांच्या बेचक्यात रात्रभर साचलेले पाणी कोंब कुजवते.

मरणारी रोपे

बाटलीतली सगळी रोपे जगणार नाहीत. जी काढतानाच मुळांविना किंवा अगदी कमकुवत असतात त्यांचा निकाल बाटलीतच लागलेला असतो. उरलेल्यांकडे रोज पाहणे हाच उपाय. पान सुरकुतले आणि मूळ रुपेरी, टणक असेल तर रोप तहानलेले आहे. पान तसेच सुरकुतले पण मूळ तपकिरी आणि लिबलिबीत असेल तर पाणी जास्त झाले आहे. दोन्ही रोपे वरून सारखी दिसतात, आणि दुसऱ्याला पाणी पाजले की ते दोन दिवसांत जाते. म्हणून पान पाहून पाणी देऊ नये, मूळ पाहावे. बुडाशी पाणचट तपकिरी डाग दिसला तर ते रोप आजूबाजूच्या माध्यमासकट लगेच काढून टाकावे. मर एका कुंडीत दोन रात्रींत पसरते. पाने गर्द हिरवी आणि लांबट झाली तर उजेड कमी. तांबूस झाली तर जास्त. पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत कोवळी टोके फस्त करतात, उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी पानामागे दडतात. रोज सकाळी पाच मिनिटे भिंगातून पाहणारा माणूस यातल्या बहुतेकांना वेळेत गाठतो.

जंगलाला हात न लावता

हे सगळे करण्यापेक्षा आंबोलीहून किंवा घाटातून एखादी फांदीवरची आमरी उपटून आणणे कितीतरी सोपे वाटते, आणि ते सर्रास होते. तसे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राखीव जंगलातून वनस्पती काढणे हा गुन्हा आहेच. आमरीचे सबंध कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षक परिशिष्टांत आहे. त्याच करारात परिशिष्ट दोनमधल्या आमरींच्या निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना व्यापारबंधनातून सूट दिली आहे, कारण बाटलीतले रोप जंगलातून एकही झाड कमी करत नाही. कायद्यापलीकडचेही कारण आहे. उपटलेली आमरी मुळे तुटल्यामुळे बहुधा एक-दोन वर्षांत मरते आणि जंगलात तिच्या जागी दुसरी उभी राहायला कित्येक वर्षे जातात.

फादर एच. संतापाव आणि झेड. कपाडिया यांनी १९६६ मध्ये ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात आपल्या भागातल्या आमरींची तपशीलवार नोंद केली. आज महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या किती जाती आपल्या प्रयोगशाळांच्या फडताळांवर बाटल्यांत वाढताना दिसतात? बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या परदेशी वंशाच्या संकरांच्या असतात.

आणि इथे पुणे जिल्ह्याने पुढे यावे असे मला वाटते. उसाची आणि केळीची रोपे करणाऱ्या प्रयोगशाळांकडे ऑटोक्लेव्ह आहे, निर्जंतुक कक्ष आहे, साखर आहे, प्रशिक्षित हात आहेत. जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांकडेही हे आहे. खासगी जागेतल्या आंब्यावरची सीतेची वेणी हाताने परागित करून तिचे बोंड हिरवे असतानाच काढले, तर आतले बी निर्जंतुकच असते. बोंड बाहेरून स्वच्छ करून उघडले की पेरणी होते. काही मोजकी फडताळे अशा देशी जातींसाठी राखून ठेवली, तर एका बोंडातून हजारो रोपे मिळतील. ती अनेक मातृवृक्षांच्या बियांपासून करावीत, म्हणजे वाणाची विविधता टिकते, आणि ज्या भागातले बी त्याच भागातल्या झाडांवर वनखात्याच्या परवानगीने परत जावे.

त्या रोपांना बाटलीबाहेरचे पहिले वर्ष सांभाळणारी माणसे लागतील. प्रयोगशाळा साखर देऊ शकते. साखर सुटल्यानंतर रोज सकाळी मूळ पाहून पाणी द्यायचे की नाही हे ठरवणे प्रयोगशाळेचे काम नव्हे. ते काम रोपवाटिकेचे, पडवीचे, नवशिक्या छंदिष्टाचे आणि ट्रेमधल्या रोपांवर ज्याची नजर तयार झाली आहे त्या शेतकऱ्याचे आहे. खुटबावला सीतेच्या वेणीचे जंगल कधीच नव्हते. पण सह्याद्रीच्या झाडांवर परतणारी रोपे ज्या गावांत कणखर होतील, त्या गावांत खुटबाव असायला हरकत नाही. पहिली बाटली डेंड्रोबियमची घ्या, पावसाचे पाणी साठवा आणि पालखीच्या दिवसांत सुरुवात करा.